आधी पाखं, मग खोली

कोकणातलं जुनं कौलारू घर रस्त्यावरून पाहिलं तर अजूनही देखणं दिसतं. त्याच्यावर काय बेतलंय ते परसदारी गेल्यावर कळतं. जिथे पूर्वी छपराच्या मागच्या उताराच्या, म्हणजे मागच्या पाख्याच्या, पागोळ्या पडायच्या आणि न्हाणीचं पाणी अळवात जायचं, तिथे एक चौकोनी खोकं उभं असतं. वर सपाट स्लॅब, स्लॅबवर काळी टाकी, पुढेमागे मजला चढेल या आशेने कोपऱ्यांतून वर ठेवलेल्या गंजक्या सळया, भिंतीला फिकट गुलाबी रंग. आत नवं स्वयंपाकघर आणि टाइल्स लावलेलं बाथरूम, दोन्ही गरजेचीच. पण जुनं पाखं जिथे संपतं आणि स्लॅब सुरू होतो त्या सांध्यात सिमेंटची एक जाड, वेडीवाकडी पट्टी भरलेली असते. तिच्यावर डांबराचा हात, डांबरावर निळी ताडपत्री आणि ताडपत्री उडू नये म्हणून चार चिरे. मे महिना सरता सरता ही ताडपत्री बदलणं हे आता घर शाकारण्याइतकंच ठरलेलं काम झालं आहे. आणि इतकं करून जुलैत माजघराच्या मागच्या भिंतीवर ओल उतरतेच.

अशी वाढ विजोड दिसते हे घरच्यांनाही पटतं, आणि मग उपाय म्हणून चेहऱ्याला रंगरंगोटी सुचवली जाते. नव्या भिंतीला जांभ्यासारख्या दिसणाऱ्या टाइल्स चिकटवा, स्लॅबच्या कडेला कौलांची झालर लावा, काँक्रीटच्या खांबाला लाकडाचा रंग द्या. हे सगळं झाल्यावरही घर विजोडच दिसतं, कारण दुखणं चेहऱ्याचं नसतंच. घर वाढवायचं ठरलं की आपल्याकडे बोलणी खोलीपासून सुरू होतात. बारा बाय चौदाची बेडरूम हवी, बाथरूम आतूनच हवं, कपाटाला सलग भिंत हवी. आकार ठरतो, पाया खणला जातो, भिंती खिडक्यांच्या वर येतात आणि तेव्हा कुणीतरी विचारतं, वर काय घालायचं? तोवर बहुतेक वेळा एकच उत्तर उरलेलं असतं. माझ्या मते हा क्रमच उलटा आहे. उतरत्या छपराच्या घरात वाढवायचं असतं ते पाखं, आणि खोली त्याच्याखाली बसेल तेवढी घ्यायची. छप्पर जुळलं की भिंतीच्या, खिडकीच्या, रंगाच्या पुष्कळ चुका खपून जातात. ते चुकलं तर बाकीच्यावर कितीही पैसा ओता, सांधा दिसत राहतो आणि गळतही राहतो.

छप्पर म्हणजे आधी पाण्याची वाट. कोकणच्या किनाऱ्यावर वर्षाला साधारण अडीच ते साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत पडतो. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. घर चाळीस फूट लांब आणि मागच्या पाख्याने झाकलेली जागा पंधरा फूट रुंद धरली, तर ते झालं सुमारे ५५ चौरस मीटर. दिवसाला १०० मिलिमीटर पाऊस जुलैत काही नवलाचा नाही. तेवढा झाला की त्या एका पाख्यावरून साडेपाच हजार लिटर पाणी खाली येतं. आधी ते परसात पडून व्हाळाला लागायचं. आता ते स्लॅबवर येतं, आणि स्लॅबला शंभर फुटांत जेमतेम फूटभर उतार असतो, तोही गवंड्याने मनावर घेतला तर. पाणी थबकतं, वाऱ्याच्या झोताने उलटं कौलांखाली सरकतं. शिवाय सांध्याच्या दोन्ही बाजू कधी स्थिर नसतात. वासे-रिपांचं लाकूड पावसात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. काँक्रीट उन्हात वाढतं आणि गार झालं की आखडतं. दहा मीटर लांबीच्या स्लॅबच्या तापमानात ३० अंशांचा फरक पडला की त्याची लांबी तीनेक मिलिमीटरने बदलते. एक बाजू इकडे ओढते, दुसरी तिकडे, आणि मधली सिमेंटची पट्टी कुणाचंच ऐकू शकत नाही. तिला केसाएवढी चीर पडते. पाण्याला तेवढी पुरते.

इथे एक आक्षेप आधीच निकालात काढलेला बरा. कौलारू म्हणजे परंपरा, स्लॅब म्हणजे परकं आक्रमण, असं काही मला म्हणायचं नाही. ज्या कौलांना आपण आज ‘आपली जुनी कौलं’ म्हणतो ती मंगलोरी कौलं काही अनादी काळापासून कोकणात नव्हती. बासेल मिशन या मिशनरी संस्थेचे गेओर्ग प्लेब्स्ट यांनी १८६५ साली मंगळूरच्या जेप्पू भागात कौलांचा कारखाना काढला, आणि तिथल्या साच्यातली एकात एक अडकणारी कौलं पुढे किनाऱ्याने सगळीकडे पसरली. त्याआधी घरांवर पेंढा असायचा, झावळ्या असायच्या, नाहीतर कुंभाराने चाकावर केलेली नळीची कौलं. म्हणजे मंगलोरी कौल हा कारखान्यात घडलेला, परदेशी डोक्यातून आलेला, त्या काळचा पक्का आधुनिक माल होता. तरी दोन पिढ्यांत तो घरचा झाला. कारण सरळ आहे: त्याने घराचा उतार मान्य केला. आढं तिथेच राहिलं, वळचण तिथेच राहिली, पाणी पडायची जागा बदलली नाही; बदललं ते फक्त वरचं पांघरूण. आजही लोखंडी पाइपांचा सांगाडा लाकडी वाशांच्या जागी आला तर घराचं काही बिघडत नाही, रस्त्यावरून ते कळतही नाही. नवी वस्तू घरात मुरते की उपरी राहते, हे ती किती जुनी आहे यावर ठरत नाही. सपाट स्लॅब उपरा राहतो तो पाण्याची वाट अडवून बसतो म्हणून.

घर वाढवण्याची जुनी रीत पडवीत उभं राहून नीट पाहिली तर छपराचं गणित कळतं. मंगलोरी कौलांना साधारण २५ ते ३० अंशांच्या खाली उतार चालत नाही. त्याहून सपाट झालं की वारा पाणी वर ढकलतो. आता ३० अंशांच्या उताराला दर फुटामागे छप्पर सुमारे सात इंच खाली येतं. भिंतीपाशी वळचण साडेआठ फुटांवर असेल आणि तोच उतार आणखी चार फूट पुढे ओढला, तर त्याची कड सव्वासहा फुटांच्या आत येते. उंच माणसाने तिथे वाकायचं. पण पडवीची जमीन ओटीपेक्षा दोन पायऱ्या, म्हणजे फूटभर खाली घेतली, की सात फूट मिळतात आणि प्रश्न मिटतो. माजघरातून ओटीवर, ओटीवरून पडवीत, पडवीतून अंगणात असं आपण पायरी पायरीने उतरत येतो त्याची इतर कारणं असतीलही, पण छपराबरोबर जमीनही उतरते हे त्यातलं रोकडं कारण. हाच उतार आठ फूट ओढायचा म्हटलं तर कड चार फुटांखाली जाते; पडव्या अरुंद असतात त्या म्हणूनच. तेव्हा वाढ चार-पाच फुटांत भागणारी असेल, म्हणजे न्हाणीघर, संडास, धुण्याभांड्यांची जागा, कोठी, अगदी लिहायला बसायची लांबट खोलीसुद्धा, तर पाखं तसंच खाली ओढावं आणि जमीन उतरवावी. इथे हमखास होणारी चूक म्हणजे जमीन एकाच पातळीवर ठेवायच्या हट्टापायी नव्या तुकड्याचा उतार कमी करणं. घरात म्हातारी माणसं असतील तर पायरी नको, हे अगदी रास्त आहे. मग तिथे उंबऱ्यालगत बेताचा उतार करावा आणि कठडा द्यावा, पण छपराला मोडायला लावू नये. मोडलेलं छप्पर आधी गळतं, मग कुबड आल्यासारखं दिसतं.

खोली खरोखर मोठी हवी असेल तर पडवीचा मार्ग संपतो आणि नवं आढं घालावं लागतं. त्यातही एक सोपी गोष्ट लक्षात घेतली तर निम्मं काम आपोआप होतं. जुन्या घराचा उतार मोजायचा आणि नव्याला तोच द्यायचा, एक अंशाचाही फरक नको. नवा भाग जुन्या घराला काटकोनात, बाजूला किंवा मागे घ्यायचा. तीस फूट खोल घराचं आढं ३० अंशांच्या उताराला भिंतींच्या माथ्यापासून साडेआठ फुटांहून थोडं वर जातं. बारा फूट रुंद खोलीचं आढं त्याच उताराला साडेतीन फूटच चढतं. म्हणजे रुंदी कमी ठेवली की नवं आढं स्वतःहून जुन्याच्या खाली बसतं. घरात थोरलं कोण आणि धाकटं कोण हे वेगळं सांगावं लागत नाही. उलट रुंद खोली घेऊन तिला कमी उताराचं छप्पर घातलं, की दोन उतार शेजारी शेजारी येतात, आणि ज्याने कधी कोनमापक हातात धरलेला नाही त्यालाही काहीतरी चुकलंय हे दारातूनच जाणवतं.  तिरप्या रेघांमधली तफावत नजरेला लगेच कळते.

दोन छपरं काटकोनात भेटली की मध्ये घळ तयार होते आणि दोन्हीकडचं पाणी तिच्यात येतं. घराचं सगळ्यात दुखरं ठिकाण हेच. तिथला पत्रा कंजूषपणाने अरुंद घेतला, किंवा शेजारी फणस-आंब्याचं झाड असून पानं काढायला कुणी चढलं नाही, की पहिल्याच मोठ्या पावसात पाणी पत्र्याच्या कडेवरून आत उडी मारतं. म्हणून मला तिसरा मार्ग अधिक शहाणपणाचा वाटतो: दोन्ही छपरं भेटूच द्यायची नाहीत. जुन्या घराच्या आणि नव्या खोलीच्या मध्ये सहा-आठ फुटांची उघडी जागा ठेवायची, आणि एका बाजूने चार फूट रुंदीची, ठेंगणी, स्वतंत्र छपराची बोळवाट काढून दोघांना जोडायचं. वाड्यांमधला चौक हे दुसरं काय होतं? चौकाला आपण शोभा समजतो. प्रत्यक्षात तो अनेक छपरांचा सांधा होता, पाणी उघड्यावर पाडून घेणारा आणि आतल्या खोल्यांना उजेड देणारा. हा दुसरा फायदा फार मोठा आहे. मागे खोली चिकटवली की माजघराची असलेली एकुलती खिडकी नव्या खोलीत उघडते आणि माजघर दिवसाढवळ्या अंधारतं. मग तिथे बारा महिने ट्यूबलाइट. जागा नसेल, सामासिक अंतराचे नियम आड येत असतील, तर निदान माजघरावरच्या पाख्यात तीन-चार काचेची कौलं बसवावीत. काचेच्या कौलाला साच्यातल्या कौलाएवढीच जागा लागते आणि दुपारी त्यातून येणारा उजेडाचा पट्टा भिंतीवरून सरकत जातो.

सांधा जेवढा वर दिसतो तेवढाच जमिनीखालीही असतो. साठ-सत्तर वर्षांपूर्वी बांधलेलं घर जेवढं खचायचं तेवढं खचून स्थिर झालेलं असतं; नवी भिंत मात्र पहिल्या काही पावसाळ्यांत खाली बसणार. जुन्या चिऱ्यांमध्ये खाचा पाडून नवी भिंत त्यात गुंफली, तर मजबुतीच्या नावाखाली आपण एका स्थिर आणि एका खचणाऱ्या वस्तूची गाठ मारतो, आणि तडा जायचा तो जातोच. तो कुठे जाईल हे आपण ठरवायचं. नवा भाग स्वतःच्या पायावर आणि स्वतःच्या खांबांवर उभा करावा, दोघांत इंचाची फट सरळ रेघेत ठेवावी, ती लवचिक भराव्याने बुजवून वर एका बाजूलाच पक्की केलेली पट्टी मारावी. जुन्या भिंतीवर नवं ओझं टाकणं तर टाळावंच. मंगलोरी कौलांचं छप्पर लाकडासकट धरलं तरी चौरस मीटरला पन्नास-साठ किलोंच्या आसपास भरतं. पाच इंच जाडीचा स्लॅब नुसत्या स्वतःच्या वजनाने तीनशे किलोंच्या पुढे जातो. मातीत रचलेल्या चिऱ्यांच्या भिंतीवर हे पाचपट ओझं ठेवून वर मजला चढवण्याची स्वप्नं पाहणं हे धाडस झालं.

घाटावर गेलं की मातीच वेगळी, छप्पर वेगळं, आणि तिथे नियमही वेगळा होतो. सोलापूर, धाराशिव (पूर्वीचं उस्मानाबाद), लातूरकडच्या माळवदाच्या घरांना उतार नसतोच. तिथे सपाट स्लॅबची खोली कोकणातल्यासारखी परकी दिसत नाही, कारण ती त्या घराच्या छपराचीच रेघ पुढे नेते. तिथला धोका निराळा आहे. माळवदावरची दीड फूट माती चौरस मीटरला सात-आठशे किलो भरते, आणि तिच्याखाली मातीत रचलेल्या दगडी भिंती असतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात अशा घरांनीच हजारो माणसं गाडली. तेव्हा अशा घराला काँक्रीटची ताठ खोली खेटून बांधायची तर दोघांत पुरेसं अंतर हवं, नाहीतर हादऱ्यात ती एकमेकांवर आदळतात. आणि हात लावलाच आहे तर जुन्या भिंतींना आरपार दगड आणि वरून सलग पट्टा देण्याचं कामही त्याच खर्चात उरकावं. काळ्या कपाशीच्या जमिनीत तर पाया हाच मुख्य विषय. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि उथळ पायावरची खोली दरवर्षी वर-खाली होते. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने विकसित केलेले, तळाशी कंदासारखे फुगवलेले काँक्रीटचे खुंट या जमिनीसाठीच आहेत. ओलाव्याचा फरक पोहोचत नाही इतक्या खोल ते जातात.

भिंतीकडे मी मुद्दाम उशिरा आलो. जांभ्याचं घर जांभ्यातच वाढवावं हे उत्तम, पण त्यातही गोम आहे. खाणीतून नुकता काढलेला चिरा मऊ असतो आणि हवेवर राहून कठीण होतो. त्याचा रंग पावसाने, शेवाळाने, धुराने वर्षानुवर्षं बदलत जातो. शिवाय जुना चिरा हाताने तासलेला, नवा यंत्राने कापलेला. दोघे शेजारी लावले की नवा टवटवीत लाल दिसतो, जुना काळवंडलेला. यावर घासूनपुसून जुन्याला नवं करणं किंवा नव्याला रंग फासणं हे दोन्ही उपाय वाईट. बरा उपाय साधा आहे: नवी भिंत जुन्या भिंतीच्या रेषेत न घेता फूट-दीड फूट मागे घ्यावी. त्या खाचेत सावली पडते आणि सावलीच्या दोन बाजूंचे रंग डोळा ताडून पाहत नाही. थर मात्र जुळवावेत. जोत्याची उंची, खिडकीचा उंबरठा आणि वरची पट्टी या तीन आडव्या रेषा जुन्या घराच्या सलगीने गेल्या की बाकीचं पाहणारा स्वतःच जोडून घेतो. गिलावा करायचा तर एक सावधगिरी हवी. मातीत नाहीतर चुन्यात रचलेली जुनी भिंत जमिनीतली ओल शोषून ती हवेत सोडत असते. तिच्यावर नव्या भागाशी मेळ घालायच्या नादात सिमेंटचा घट्ट गिलावा चढवला, की ओल आत कोंडते, क्षार बाहेर येतात आणि दोन-तीन पावसाळ्यांत गिलावा फुगून ढलप्याने सुटतो. जुन्या भिंतीवर चुना, नव्यावर सिमेंट, आणि वरून दोन्हीवर चुन्याचीच सफेदी, असं केलं तर पोत जुळतो आणि भिंतही टिकते.

खिडक्यांचं दुकानदार सांगेल तसं होतं, हे दुर्दैव. अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीचा धर्म आडवा. ती जेवढी रुंद तेवढी सोयीची. जुन्या घराच्या खिडक्या उभ्या असतात, रुंदीच्या दीडपट-दुप्पट उंच, कारण वरचा भार पेलणारी लाकडी तुळई किंवा चिरा फार लांब जाऊ शकत नव्हता. आज काँक्रीटची तुळई कितीही लांब टाकता येते, तेव्हा उभी खिडकी ही आता सक्ती नाही, निवड आहे. ती निवडावी. जास्त उजेड हवा तर एका रुंद खिडकीऐवजी दोन उभ्या शेजारी शेजारी घ्याव्यात. आणि त्या भिंतीच्या बाहेरच्या कडेला न बसवता आतल्या कडेला बसवाव्यात. जुनी भिंत दीड फूट जाड, नवी नऊ इंच. चौकट बाहेर आणली की नवी भिंत पुठ्ठ्यासारखी पातळ दिसते, आत घेतली की तिलाही खोली येते.

आता खरा वाद. जुन्याशी इतकं मिळतंजुळतं करणं म्हणजे लबाडी नाही का? नवं ते नवंच दिसावं, असं मानणारे वास्तुतज्ज्ञ पुष्कळ आहेत आणि त्यांच्या पाठीशी वजनदार दस्तऐवज आहे. १९६४ च्या व्हेनिस सनदेने ऐतिहासिक वास्तूंबद्दल हेच ठरवलं की नव्याने घातलेला भाग एकूण वास्तूत सामावला पाहिजे, पण मूळ भागापासून ओळखताही आला पाहिजे. नाहीतर पुढच्या पिढीला खरा पुरावा कोणता आणि नक्कल कोणती हे कळणार नाही. मला हा मुद्दा पूर्ण मान्य आहे, आणि तो माझ्या म्हणण्याला छेद देत नाही. सनदेने दोन्ही अटी एका दमात घातल्या आहेत; त्यातली ओळखता येण्याची अट लक्षात ठेवून सामावण्याची विसरायची, असा सोयीचा अर्थ अनेकांनी काढला. आकार, उतार, उंची, अंतर यांत नवं जुन्यासारखं असावं, आणि जवळ गेल्यावर बिजागरीत, कठड्यात, तासणीत ते आजचं आहे हे दिसावं. लबाडी होते ती उलट्या प्रकारात: सपाट स्लॅबच्या कडेला दोन रांगा कौलं चिकटवून पाख्याचं सोंग आणणं. त्या कौलांवरून पाणी वाहत नाही, त्यांच्याखाली घर नाही, ती फक्त रस्त्यावरून दिसण्यासाठी आहेत. त्यापेक्षा जुन्याच उताराला साधा रंगीत पत्रा घातलेला मला शंभर पटीने प्रामाणिक वाटतो.

तुकड्यातुकड्याने वाढलेलं घर एकजीव कसं होऊ शकतं याचं शेजारच्या देशातलं एक उदाहरण जगभर अभ्यासलं जातं. श्रीलंकेचे वास्तुकार जेफ्री बावा यांनी कोलंबोच्या ३३व्या लेनमध्ये चार छोट्या घरांच्या रांगेतलं एक घर १९५८च्या सुमारास घेतलं आणि पुढच्या दहा वर्षांत एकेक करत चारही आपल्या घरात मिळवली. आज आत फिरताना एक घर कुठे संपलं आणि दुसरं कुठे सुरू झालं हे सापडत नाही. तिथे सांधे झाकलेले नाहीत. जिथे दोन घरं भेटतात तिथे पुष्कळदा आकाशाला उघडी छोटी मोकळीक आहे, पाऊस आत येतो, एखादं झाड आहे, आणि लांब पांढरी बोळवाट या सगळ्याला ओवत जाते. आपल्या चौकाशी याचं नातं लगेच लागतं.

शेवटचा आक्षेप अगदी व्यवहाराचा आहे आणि तोच सर्वांत जड आहे. कौलारू छप्पर सांभाळणार कोण? दरवर्षी शाकारणीला चढणारी माणसं मिळत नाहीत, मुलं मुंबई-पुण्याला, आणि वानरांची टोळी एका दुपारी पन्नास कौलं फोडून जाते. ज्या घरात आता सत्तरीतली दोघंच राहतात त्यांना पागोळ्यांचं सौंदर्य सांगणं हा निव्वळ आगाऊपणा होईल. त्यांनी स्लॅब निवडला तर त्यात चूक नाही. पण त्यांना स्लॅबही मिळावा आणि ताडपत्रीही लागू नये, असं करता येतं. स्लॅबची खोली जुन्या वळचणीपासून पाच-सहा फूट अलग उभी करावी आणि ठेंगण्या बोळवाटेने जोडावी. मग जुन्या पाख्याचं पाणी पूर्वीसारखंच जमिनीवर पडतं, पाण्याची टाकी नव्या खोलीवर जाते, आणि पुढे मजला चढवायचाच झाला तर तो जुन्या घराच्या डोक्यावर येत नाही. वानरांवरचा उतारा म्हणून नव्या पाख्यात लोखंडी पाइपांवर आधी पत्रा आणि त्यावर कौलं अशी रचना आता अनेक ठिकाणी होते. कौल फुटलं तरी घर लगेच गळत नाही, फुटलेलं सवडीने बदलता येतं. खर्च वाढतो, हे खरं. मात्र दरवर्षीची ताडपत्री, डांबर, भिंतीचा उखडलेला रंग आणि ओलीने सडलेले वासे यांचा हिशोब दहा वर्षांचा मांडला, तर पहिल्या वर्षी वाचवलेले पैसे कुठे गेले ते दिसतं.

काम सुरू करायच्या आधी एक दिवस फुकट खर्च करावा. नव्या भागाच्या कोपऱ्यांवर बांबू रोवावेत, आढ्याच्या आणि वळचणीच्या उंचीवर सुतळ्या ताणाव्यात आणि बेड्याबाहेर, रस्त्याच्या पलीकडे जाऊन पाहावं. सुतळीची तिरपी रेघ जुन्या पाख्याशी समांतर जाते का, नवं आढं जुन्याच्या खाली बसतं का, आणि परसातली वाट उरते का, हे कागदावरच्या नकाशापेक्षा तिथे लवकर कळतं. बांबू हलवायला पैसेही पडत नाहीत. मग कौलं घ्यायला जाताना माळ्यावरचं एक जुनं कौल पिशवीत टाकून न्यावं. त्याच्या पाठीवर कारखान्याचं नाव आणि कधी कधी सालही उमटवलेलं असतं. दर कारखान्याचा साचा थोडा वेगळा असल्याने एकाचं कौल दुसऱ्यात नीट अडकत नाही. अर्ध्या इंचाचा फरक पाख्याच्या मध्यावर गेल्यावर हातभर होतो. जुन्याच साच्याची मिळाली नाहीत तर जुन्या घराच्या मागच्या पाख्यावरची काढून नव्या भागाच्या दर्शनी बाजूला लावावीत आणि मागे नवी घालावीत. आणि विकत घेताना शंभरेक जास्त घेऊन माळ्यावर रचून ठेवावीत, कारण पुढच्या खेपेला दुकानात गेल्यावर तोच साचा मिळेलच असं नाही.